पूर्वग्रह रक्तात असतो का? ‘भेदभाव नैसर्गिकच आहे’ या दाव्याचा प्रतिवाद

जात, धर्म, वंश किंवा प्रांत यांवरून होणाऱ्या भेदभावाचा विषय निघाला की अलीकडे एक ठरावीक युक्तिवाद विज्ञानाच्या नावाने मांडला जातो. तो इतक्या वेळा पुढे पाठवला गेला आहे की अनेक सुशिक्षित माणसेही त्याला सिद्ध झालेले शास्त्र समजू लागली आहेत. त्याचा सारांश असा: आपपरभाव उत्क्रांतीनेच माणसाच्या रक्तात भिनवला आहे, चिंपांझीसुद्धा परक्या टोळीवर तुटून पडतात, परका चेहरा दिसताच मेंदूतले भीतीचे केंद्र जागे होते, तीन महिन्यांचे तान्हे मूलही आपल्याच वंशाचा चेहरा पसंत करते, शाळकरी मुलांचे दोन गट पाडले की ती लगेच पक्षपात करू लागतात, जाती म्हणजे निसर्गतः वेगळे झालेले वंशसमूह आहेत आणि शिवाशीव ही मुळात रोगराईपासूनची सावधगिरी होती, तेव्हा कायदे करून, सवलती देऊन किंवा प्रबोधन करून निसर्ग बदलणार नाही.

या दाव्याला उत्तर देणे आवश्यक आहे, कारण तो निव्वळ थापांवर उभा नाही. त्यातले बहुतेक प्रयोग खरोखर झालेले आहेत. मात्र प्रत्येक प्रयोगाचा अर्धाच निष्कर्ष सांगितलेला आहे आणि उरलेला अर्धा बहुतेक वेळा नेमका उलट दिशेने बोट दाखवतो. माणसाच्या मेंदूत गट ओळखण्याची आणि गटाला चिकटून राहण्याची तयारी जन्मजात असावी, हे मी मान्य करूनच पुढे जातो. पण कोणाला आपले म्हणायचे, कोणाला परके ठरवायचे आणि त्या परक्याला पाणी द्यायचे की नाही, हे जनुके सांगत नाहीत. ती रेषा समाज आखतो आणि ती पुसली जाऊ नये म्हणून पिढ्यान्‌पिढ्या राबतो.

चिंपांझींचे उदाहरण आधी घेऊ. टांझानियातील गोम्बे येथे 1974 ते 1978 या काळात कासाकेला टोळीच्या चिंपांझींनी शेजारच्या कहामा टोळीतील नर एकेक करून मारले, ही प्राणिशास्त्रज्ञ जेन गुडाल यांच्या चमूने नोंदवलेली घटना खरी आहे. परंतु कहामा टोळी काही कुठून परक्या मुलखातून आलेली नव्हती. काही वर्षांपूर्वीपर्यंत ते सगळे एकाच टोळीत होते, एकत्र फिरत आणि खात होते, एकमेकांच्या अंगावरचे केस साफ करत होते. फूट पडली आणि कालचे सोबती शत्रू झाले. दिसण्यातला फरक, वेगळे रक्त, वेगळा वंश यांपैकी काहीही त्या हिंसेच्या मुळाशी नव्हते. जो प्रसंग भेदभावाचे जैविक मूळ दाखवण्यासाठी सांगितला जातो, तोच प्रसंग शत्रुत्वाला जैविक फरकाची गरज नसते हे दाखवतो. शिवाय चिंपांझी आपल्याला जितके जवळचे, तितकेच बोनोबोही जवळचे आहेत. काँगोमधील कोकोलोपोरी अभयारण्यात वेगवेगळ्या गटांचे बोनोबो एकत्र येतात, एकमेकांची निगा राखतात आणि अन्नही वाटून खातात, असे 2023 साली प्रसिद्ध झालेल्या दीर्घकालीन निरीक्षणांत नोंदवले आहे. दोन सख्ख्या चुलत्यांपैकी एकाचाच स्वभाव सांगून घराण्याचा स्वभाव सिद्ध होत नाही.

मेंदूच्या छायाचित्रांचा मुद्दा अधिक वजनदार वाटतो, म्हणून तेथे थोडे थांबावे लागेल. मेंदूत खोलवर अमिग्डला नावाचा बदामाच्या आकाराचा भाग आहे. 2000 साली अमेरिकेत झालेल्या एका अभ्यासात गोऱ्या व्यक्तींना अनोळखी काळ्या आणि गोऱ्या माणसांचे चेहरे दाखवण्यात आले, तेव्हा ज्यांचा सुप्त पूर्वग्रह अन्य चाचण्यांत अधिक आढळला होता त्यांच्या अमिग्डलाने काळ्या चेहऱ्यांना अधिक प्रतिसाद दिला. दावा करणारे येथेच थांबतात. त्याच संशोधकांनी त्याच लेखात पुढचा प्रयोगही दिला होता. अनोळखी चेहऱ्यांऐवजी सुपरिचित आणि लोकांच्या आदरास पात्र असलेल्या काळ्या व गोऱ्या व्यक्तींचे चेहरे दाखवल्यावर तो संबंध दिसेनासा झाला. कातडीचा रंग तोच होता. बदलली होती ती ओळख.

2005 साली मानसशास्त्रज्ञ सुझन फिस्क आणि मेरी व्हीलर यांनी आणखी साधी गोष्ट केली. चेहरे तेच ठेवून त्यांनी पाहणाऱ्याला वेगवेगळे प्रश्न विचारले. ‘या माणसाचे वय 21 पेक्षा अधिक असेल का?’ असे विचारले, म्हणजे माणसाला एखाद्या वर्गात टाकायला लावले, की काळ्या चेहऱ्यांना अमिग्डलाचा अधिक प्रतिसाद दिसे. ‘या माणसाला अमुक भाजी आवडत असेल का?’ असे विचारले, म्हणजे त्याच्याकडे एक स्वतंत्र माणूस म्हणून पाहायला लावले, की तसा अधिकचा प्रतिसाद दिसत नसे. एका भाजीबद्दलच्या प्रश्नाने जी प्रतिक्रिया मावळते, तिला रक्तातला अटळ गुण कसे म्हणावे? तीनच वर्षांनी दुसऱ्या एका चमूने काळ्या-गोऱ्या सदस्यांचे मिश्र संघ तयार केले आणि लोकांना आपल्या संघातील चेहरे काही मिनिटे पाठ करायला लावले. त्यानंतर अमिग्डलाचा अधिक प्रतिसाद आपल्या संघातील चेहऱ्यांना मिळू लागला, मग ते कोणत्याही वर्णाचे असोत. याचा एक अर्थ असा की अमिग्डला हे निव्वळ ‘भीतीचे केंद्र’ नाही. या क्षणी आपल्यासाठी काय महत्त्वाचे आहे याची ते दखल घेते. आणि काय महत्त्वाचे आहे हे आपण जगतो तो समाज त्याला शिकवत असतो. चार ते सोळा वर्षांच्या मुलांवर 2013 साली झालेल्या एका छोट्या अभ्यासात काळ्या चेहऱ्यांना मिळणारा हा प्रतिसाद लहान मुलांत आढळलाच नाही; तो किशोरवयात, चौदाव्या वर्षाच्या आसपास दिसू लागला, आणि ज्यांचे सवंगडी विविध वंशांचे होते त्यांच्यात तो क्षीण होता. एवढ्या लहान नमुन्यावरून सर्व मानवजातीबद्दल निकाल देणे योग्य नाही, पण ‘जन्मतःच’ असे म्हणणाऱ्यांनी या निष्कर्षाला उत्तर द्यायला हवे.

तान्ह्या बाळांबद्दलचा मुद्दाही असाच अर्धवट सांगितला जातो. तीन महिन्यांची बाळे आपल्या वंशाच्या चेहऱ्याकडे अधिक वेळ पाहतात, हे खरे आहे. परंतु 2005 साली हाच प्रयोग नवजात बाळांवर केला गेला तेव्हा त्यांच्यात अशी कोणतीही पसंती आढळली नाही. म्हणजे ती पसंती मूल जन्माला येताना घेऊन येत नाही. रोज डोळ्यांसमोर दिसणाऱ्या चेहऱ्यांतून ती पहिल्या तीन महिन्यांत घडते. 2006 साली इस्रायलमधील संशोधकांनी याची आणखी चोख परीक्षा घेतली. इथिओपियात वाढणारी काळी बाळे काळ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत, इस्रायलमध्ये वाढणारी गोरी बाळे गोऱ्या चेहऱ्यांकडे अधिक पाहत. पण इथिओपियातून स्थलांतरित होऊन इस्रायलमधील वसाहतगृहांत राहणाऱ्या कुटुंबांतील, दोन्ही वर्णांच्या माणसांच्या हाती खेळणाऱ्या काळ्या बाळांनी कोणतीच पसंती दाखवली नाही. कोरियात जन्मलेल्या आणि वयाच्या तिसऱ्या ते नवव्या वर्षी फ्रान्समधील कुटुंबांनी दत्तक घेतलेल्या मुलांचा अभ्यास तर याहून बोलका आहे. मोठेपणी त्यांना गोरे चेहरे पूर्व आशियाई चेहऱ्यांपेक्षा अधिक अचूक लक्षात राहत होते. जनुके कोरियन होती, पण नजर फ्रान्समध्ये तयार झाली. आणि एक साधी गोष्ट विसरता कामा नये: एखाद्या चेहऱ्याकडे चार सेकंद अधिक पाहणे म्हणजे दुसऱ्याचा तिरस्कार करणे नव्हे. पाळण्यातल्या बाळाच्या नजरेवर मोठ्यांच्या द्वेषाची जबाबदारी ढकलणे मला अन्यायाचे वाटते.

आता शाळकरी मुलांचे प्रयोग. यांतला सर्वांत प्रसिद्ध प्रयोग करणारे मानसशास्त्रज्ञ हेन्री ताजफेल हे पोलंडमधील ज्यू होते. दुसऱ्या महायुद्धात ते फ्रेंच सैन्यात होते, जर्मनांचे युद्धकैदी झाले, आणि परत आले तेव्हा त्यांच्या घरची जवळपास सगळी माणसे मारली गेली होती. सामान्य माणसे परक्यांविरुद्ध कशी वळतात हा प्रश्न त्यांच्यासाठी पुस्तकी नव्हता. सत्तरच्या दशकाच्या आरंभी ब्रिस्टॉलमधील 14-15 वर्षांच्या मुलांना त्यांनी अत्यंत क्षुल्लक निकषावर, म्हणजे पडद्यावरील ठिपक्यांचा अंदाज किंवा क्ले आणि कँडिन्स्की या चित्रकारांपैकी कोणाची चित्रे आवडतात यांवर, दोन गटांत वाटले. प्रत्यक्षात ही वाटणी यदृच्छेने केलेली होती. मग प्रत्येकाला इतर मुलांमध्ये पैशांत बदलता येतील असे गुण वाटायला सांगितले. स्वतःला काही मिळणार नसूनही मुलांनी आपल्या गटाला झुकते माप दिले, आणि कित्येकदा आपल्या गटाला मिळणारी एकूण रक्कम कमी झाली तरी चालेल पण दुसऱ्या गटापेक्षा आपण वर असावे असा पर्याय निवडला.

हा निष्कर्ष अस्वस्थ करणारा आहे आणि तो लपवण्याचे कारण नाही. पण तो सिद्ध काय करतो ते नीट पाहिले पाहिजे. त्या मुलांमध्ये वंशाचा, धर्माचा, वर्गाचा कोणताही फरक नव्हता. रेषा प्रयोगकर्त्याने आखली होती, आणि ती कुठेही आखली असती तरी चालली असती. पुढे जर्मन मानसशास्त्रज्ञ आमेली मुमेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच पद्धतीत गुणांऐवजी त्रासदायक गोष्टींची वाटणी करायला सांगितली, तेव्हा असा पक्षपात बहुधा दिसला नाही. आपल्यांना जरा जास्त देणे आणि परक्यांना इजा करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि पहिलीपासून दुसरीपर्यंत पोहोचण्यासाठी भीती, स्पर्धा, प्रचार, सत्तेचा आशीर्वाद असे बरेच काही मध्ये घालावे लागते. 1954 सालचा मानसशास्त्रज्ञ मुझफ्फर शरीफ यांचा अमेरिकेच्या ओक्लाहोमा राज्यातील उन्हाळी शिबिराचा प्रयोगही वारंवार सांगितला जातो. तेथे 22 मुलांचे दोन गट पाडून, त्यांच्यात बक्षिसांची स्पर्धा लावून वैर निर्माण करण्यात आले होते. त्याच्या आदल्याच वर्षी न्यूयॉर्क राज्यात केलेला असाच प्रयोग फसला होता, हे मात्र कोणी सांगत नाही. त्या शिबिरातली मुले गट पाडण्याआधी एकमेकांचे मित्र झाली होती. त्यांच्यात भांडण लावण्याचे मोठ्या माणसांचे प्रयत्न मुलांनी हाणून पाडले. आणि ओक्लाहोमातही, पाणीपुरवठा बंद पडला तेव्हा दोन्ही गटांनी मिळून तो दुरुस्त केला आणि अशा कामांतूनच त्यांचे वैर उतरत गेले.

या साऱ्या प्रयोगांपेक्षाही ठोस पुरावा आपल्या रोजच्या व्यवहारात आहे. पूर्वग्रह ही जर परक्या शरीराला दिलेली शारीरिक प्रतिक्रिया असती, तर ती चेहरा पाहताच व्हायला हवी होती. महाराष्ट्रात काय होते? भाड्याने घर पाहायला आलेला माणूस समोर बसलेला असतो. त्याचा रंग, नाक, बोलणे, कपडे सगळे मालकाच्या नजरेसमोर असते, आणि तरीही पहिला प्रश्न येतो तो आडनावाचा. आडनाव पवार, जाधव, गायकवाड, मोरे असे निघाले की तेवढ्यानेही भागत नाही, कारण ही आडनावे अनेक जातींत आहेत. मग मूळ गाव विचारले जाते, गावात घर कोणत्या बाजूला आहे हे आडवळणाने काढले जाते, वडील काय करतात, कुलदैवत कोणते, घरात मांसाहार चालतो का, असे एकापुढे एक प्रश्न येतात. हवे ते उत्तर मिळेपर्यंत तोच माणूस सज्जन भाडेकरू असतो आणि नको ते उत्तर मिळाल्यावर ‘जागा आधीच दिली आहे’ असे सांगितले जाते. ज्याला शोधून काढण्यासाठी एवढी उलटतपासणी करावी लागते, तो परका निसर्गाने कसा दाखवून दिलेला असेल? सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी 2007 साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात तर चेहराच नव्हता. वृत्तपत्रांतील नोकरीच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवले होते आणि फरक फक्त नावात होता. उच्चवर्णीय हिंदू नावाच्या तुलनेत दलित नावाच्या अर्जाला बोलावणे येण्याची शक्यता कमी आणि मुस्लिम नावाच्या अर्जाला त्याहूनही बरीच कमी आढळली. कागदावरच्या अक्षरांकडे पाहून निर्माण होणाऱ्या नापसंतीचे जनुक असू शकत नाही. त्या अक्षरांचा अर्थ कोणीतरी शिकवलेला असतो.

आफ्रिकेतील रवांडात हीच गोष्ट अत्यंत भीषण रूपात दिसली. हुतू आणि तुत्सी हे तिथले दोन समाज एकच भाषा बोलत, एकाच धर्माचे अनुयायी होते, त्याच टेकड्यांवर शेजारी राहत आणि त्यांच्यात लग्नेही होत. बेल्जियमच्या राजवटीने 1930 च्या दशकात प्रत्येकाच्या ओळखपत्रावर त्याचा गट छापला. 1994 मध्ये एप्रिल ते जुलै या सुमारे 100 दिवसांत संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार जवळपास 8 लाख माणसे मारली गेली, तेव्हा रस्त्यांवरच्या नाक्यांवर मारेकरी ओळखपत्रे तपासत होते. शत्रू कोण हे त्यांना डोळ्यांनी कळत नव्हते. आणि त्याआधीचे कित्येक महिने एक नभोवाणी केंद्र त्यांना तो शत्रू कोण हे रोज ऐकवत होते.

जाती हे निसर्गतः वेगळे पडलेले वंशसमूह आहेत, हा मुद्दा नवा नाही. 1901 च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली यांनी नाकांची मापे घेऊन असा सिद्धान्त मांडला होता की जातीची सामाजिक प्रतिष्ठा जितकी उंच, तितके तिच्या लोकांचे नाक अरुंद. त्याचा समाचार घेणाऱ्यांत मराठी माणसे पुढे होती, याचा आपल्याला आज विसर पडला आहे. मालवणात जन्मलेले समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी 1932 च्या आपल्या ग्रंथात तीच मापे प्रांतवार तपासून दाखवले की रिझलींचा नियम देशातल्या बहुतेक भागांत लागूच पडत नाही. घुर्यांनीच मांडलेल्या आकड्यांचा आधार घेऊन डॉ. आंबेडकरांनी 1948 साली अस्पृश्यतेच्या वांशिक उपपत्तीचे खंडन केले. पंजाबातील ब्राह्मण आणि मद्रासेतील ब्राह्मण यांच्यात वंशाचे असे कोणते नाते आहे, हा प्रश्न त्यांनी 1936 मध्येच विचारला होता. मानववंशशास्त्रज्ञ इरावती कर्वे 1920 च्या दशकाच्या अखेरीस बर्लिनमध्ये ऑयगेन फिशर या वंशवादी शास्त्रज्ञाच्या हाताखाली संशोधन करत होत्या. गोऱ्यांच्या कवटीतील विषमतेचा त्यांच्या कथित श्रेष्ठत्वाशी संबंध जोडण्याचे काम त्यांच्याकडे आले होते. 149 कवट्या मोजून या तरुण विद्यार्थिनीने आपल्या मार्गदर्शकाला नको असलेला निष्कर्ष लिहिला: वंशावंशांत तसा फरक दिसत नाही. त्या काळात, त्या संस्थेत, असे लिहायला जे धैर्य लागले असेल त्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

जनुकशास्त्राने पुढे या मंडळींच्याच बाजूने साक्ष दिली. लालजी सिंह, कुमारसामी थंगराज, डेव्हिड राइख आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2013 मध्ये 73 भारतीय समूहांचा अभ्यास प्रसिद्ध केला. उत्तरेकडील आणि दक्षिणेकडील अशा दोन प्राचीन पूर्वजसमूहांची सरमिसळ सुमारे 4200 ते 1900 वर्षांपूर्वीच्या काळात मोठ्या प्रमाणावर झाली, आणि ती भिल्लांसारख्या आज वेगळ्या समजल्या जाणाऱ्या समाजांतही पोहोचली, असे त्यात आढळले. त्यानंतर ही सरमिसळ थांबत गेली. 2016 सालच्या दुसऱ्या एका अभ्यासाने अनेक समूहांतील जातीअंतर्गत विवाहाची कठोर प्रथा सुमारे 70 पिढ्यांपूर्वीची ठरवली आहे. काही समूहांत ती याहून जुनी असेल, काहींत नवी. तरीही आपली मानवजात सुमारे 3 लाख वर्षे जुनी आहे आणि तिच्यापुढे हा काळ अगदी अलीकडचा आहे. जातींमध्ये आज जो थोडाफार जनुकीय फरक दिसतो तो बेटीबंदीचा परिणाम आहे. परिणामालाच कारण म्हणून पुढे करणे ही या दाव्यातील सर्वांत मोठी तर्कदुष्टता आहे.

आणि बेटीबंदी तरी निसर्गाने आपोआप पाळली गेली का? डॉ. आंबेडकरांनी 9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात याचे उत्तर आहे. या देशातील समाजाचा मूळ नियम गोत्राबाहेर, कुळाबाहेर लग्न करण्याचा होता. त्यावर जातीच्या आतच लग्न करण्याचे बंधन लादले गेले. ते बंधन टिकवायचे तर जातीतील स्त्री-पुरुषांची संख्या जुळती ठेवावी लागते, आणि त्यासाठीच सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा वापरल्या गेल्या, असे त्यांचे प्रतिपादन होते. पंचविशीतल्या तरुणाने केलेले हे विश्लेषण आजही तितकेच लागू पडते. निसर्गतः होणाऱ्या गोष्टीसाठी पहारे बसवावे लागत नाहीत. माणसाने भुकेच्या वेळी जेवावे म्हणून कुठल्याही गावाने जातपंचायत भरवली नाही. पण जातीबाहेर सोयरीक करणाऱ्या कुटुंबाला वाळीत टाकण्यासाठी, दंड वसूल करण्यासाठी, त्यांच्या मयतीलाही कोणी जाऊ नये म्हणून पंचायती भरत आल्या आहेत. अंधश्रद्धा निर्मूलन समितीने त्याविरुद्ध लढा दिला आणि अखेर महाराष्ट्र विधिमंडळाला 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा करावा लागला. पोटच्या मुलीला जातीबाहेर लग्न केले म्हणून जेथे मारले जाते, तेथे निसर्ग कोणत्या बाजूला होता हे स्पष्ट आहे. त्या मुलीला तो मुलगा परका वाटला नव्हता.

शिवाशीव ही रोगराईपासूनची सावधगिरी होती, हे म्हणणे 2020 च्या साथीत फार पसरले, आणि त्याला एक शास्त्रीय आधारही दिला जातो: रोगाची भीती असताना माणसे परक्यांपासून अधिक दूर राहू पाहतात, असे काही मानसशास्त्रज्ञांचे मत आहे. ते मत तूर्त ग्राह्य धरू. रोग टाळण्याचा नियम आजाऱ्याला दूर ठेवतो आणि बरा झाल्यावर जवळ करतो. अस्पृश्यतेचा नियम निरोगी, नुकतीच आंघोळ केलेल्या माणसाला जन्मभर दूर ठेवत होता आणि पटकीने आजारी पडलेल्या सवर्णाला मात्र अस्पृश्य करत नव्हता. महाडच्या चवदार तळ्याची हकिगत येथे तपशिलाने आठवावी लागते. ते तळे सार्वजनिक होते, सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याच्या सी. के. बोले यांच्या विधिमंडळातील ठरावाला अनुसरून नगरपालिकेने ते अस्पृश्यांना खुलेही केले होते. जनावरे त्या तळ्यावर पाणी पीत असत आणि त्याला कोणाची हरकत नव्हती. 20 मार्च 1927 रोजी डॉ. आंबेडकर आणि त्यांच्याबरोबरच्या सत्याग्रहींनी त्याच तळ्याचे पाणी ओंजळीने प्यायल्यावर त्यांच्यावर हल्ला झाला, आणि नंतर ते तळे ‘शुद्ध’ करण्यासाठी शेण, गोमूत्र, दूध, दही घातलेल्या 108 घागरी त्यात ओतण्यात आल्या. पिण्याच्या पाण्यात शेण मिसळण्याला आरोग्याची काळजी म्हणता येत नाही. ज्या पाण्याला गुराच्या तोंडाचा विटाळ होत नव्हता आणि माणसाच्या हाताचा होत होता, त्या पाण्याचा प्रश्न जंतूंचा नव्हता, मालकी हक्काचा आणि दर्जाचा होता. हा हक्क मिळायला 1937 पर्यंत मुंबई उच्च न्यायालयात वाट पाहावी लागली.

जुळ्या भावंडांच्या अभ्यासातून काही वृत्तींवर आनुवंशिकतेचा थोडा प्रभाव दिसतो, असेही सांगितले जाते. नव्याची भीती, शिस्तीची ओढ अशा स्वभावांवर तो असू शकतो. पण असा स्वभाव घेऊन जन्मलेला माणूस कोणाचा तिरस्कार करील, हे त्याचा जन्म उत्तर आयर्लंडमधील बेलफास्टमध्ये झाला की रवांडातील किगालीत की मराठवाड्यातल्या एखाद्या खेड्यात, यावर ठरते.

राहिला शेवटचा मुद्दा: उपाय व्यर्थ आहेत. मानसशास्त्रज्ञ गॉर्डन ऑलपोर्ट यांनी 1954 मध्येच सांगितले होते की दोन गटांचा नुसता संपर्क पुरेसा नाही. बरोबरीचा दर्जा, समान उद्दिष्ट, परस्पर सहकार्य आणि कायद्याचा किंवा अधिकाऱ्यांचा पाठिंबा असेल तर पूर्वग्रह कमी होतो. 2006 साली 515 अभ्यासांचा एकत्रित आढावा घेतला गेला, तेव्हा संपर्क वाढल्यावर पूर्वग्रह घटल्याचे बहुसंख्य अभ्यासांत दिसले. आपल्याकडे ‘हजारो वर्षे शेजारी राहूनही काही बदलले नाही’ असे म्हणतात, पण गावकुसाच्या आत आणि बाहेर राहणे, एकाने सांगणे आणि दुसऱ्याने राबणे, याला बरोबरीचा संपर्क म्हणता येत नाही. बरोबरीचा संपर्क कसा असतो हे उत्तर प्रदेशातील खेड्यांत मॅट लोव या अर्थशास्त्रज्ञाने क्रिकेटच्या साहाय्याने तपासले. वेगवेगळ्या जातींतील 1,261 तरुणांपैकी काहींना चिठ्ठी टाकावी तसे मिश्र संघांत घातले, काहींना एकाच जातीच्या संघांत ठेवून इतरांविरुद्ध खेळवले. एकाच संघात खेळलेल्यांच्या जातीबाहेरच्या मैत्री वाढल्या. केवळ विरुद्ध बाजूने खेळलेल्यांच्या बाबतीत तसे झाले नाही, उलट जातीबाहेरची जवळीक घटलीच. मैदान, चेंडू, माणसे सगळे सारखेच होते. फरक फक्त संघ कसे पाडले एवढाच होता.

दिल्लीत 2007 पासून अनेक नामांकित खासगी शाळांना 20 टक्के जागा गरीब मुलांना द्याव्या लागल्या. अर्थशास्त्रज्ञ गौतम राव यांनी त्या शाळांतील श्रीमंत मुलांची पाहणी केली. ज्यांच्या वर्गात गरीब मुले होती ती अधिक उदार होती, आणि धावण्याच्या शर्यतीसाठी जोडीदार निवडताना गरीब पण वेगवान मुलाला डावलण्याचे प्रमाण त्यांच्यात कमी होते. जातीची जाणीव करून दिल्यावर काय होते, याचाही पुरावा आहे. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे यांनी उत्तर प्रदेशातील सहावी-सातवीच्या मुलांना कागदावरची चक्रव्यूहाची कोडी सोडवायला दिली. जात जाहीर केलेली नव्हती तेव्हा दलित आणि सवर्ण मुलांनी सारखीच कोडी सोडवली. प्रत्येकाचे नाव, गाव, वडिलांचे नाव आणि जात सर्वांदेखत मोठ्याने वाचून दाखवल्यावर दलित मुलांची कामगिरी लक्षणीय घसरली. ती मुले तशीच होती, त्यांचा मेंदू तसाच होता. एका घोषणेने त्यांच्या हातून काम होईनासे झाले.

म्हणूनच हा वाद केवळ तात्त्विक नाही. फेब्रुवारी 2024 मध्ये महाराष्ट्र शासनाने अधिसूचना काढून, एक किलोमीटरच्या परिसरात सरकारी किंवा अनुदानित शाळा असलेल्या खासगी शाळांना शिक्षणहक्क कायद्याखालील 25 टक्के प्रवेशांतून सूट दिली. गरीब वस्तीतील मूल आणि बंगल्यातील मूल एका बाकावर येण्याची जी थोडी संधी होती, ती त्यामुळे बंद होणार होती. मुंबई उच्च न्यायालयाने त्याच वर्षी जुलैमध्ये ती अधिसूचना रद्द केली आणि ऑगस्टमध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. ‘अशी मुले आमच्या मुलांत मिसळत नाहीत, ते नैसर्गिकच आहे’ असे त्या काळात म्हणणाऱ्या पालकांना माझे एवढेच सांगणे आहे की दिल्लीतल्या वर्गांत ती मिसळली, आणि ते मोजून पाहिलेले आहे.